वाचकांचे प्रश्न: दगडावरचा अशोक अन् गोष्टीतला अशोक

राजेहो, दसरा जवळ आला की आपल्या नागपुरात सम्राट अशोकाची चर्चा जरा जास्तच रंगते. यंदा प्रश्नही तसेच आले, म्हणून हा अंक पूर्ण त्याच्यावरच काढला. सारखे प्रश्न होते ते एकत्र केले. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, अशोकाबद्दल आपल्याकडे दोन वेगवेगळे ढीग आहेत. एक म्हणजे त्यानं स्वतः दगडावर, खांबावर कोरून घेतलेलं, अन् दुसरा म्हणजे तो गेल्यावर काही शतकांनी लिहिलेल्या गोष्टी, श्रीलंकेतले दीपवंस-महावंस अन् संस्कृतातलं अशोकावदान. मी कोणत्या ढिगातून काढून राहिली ते प्रत्येक वेळी सांगत जाईन, कारण अर्धी भांडणं तिथंच होतात.

प्रश्न (इंदोरा, बी.ए. दुसरं वर्ष): ताई, जय भीम. आम्हाला शाळेत शिकवलं की कलिंगाचं रणांगण पाहून अशोकानं तलवार फेकली अन् लगेच बुद्धाला शरण गेला. नेटवर एकजण सांगून राहिला की तो युद्धाच्या आधीच बौद्ध होता. खरं काय?

जय भीम. तलवार फेकायचा सीन सिरियलवाल्यांना फार आवडतो, पण दगडावर तो कुठंच नाही. दगडावर जे आहे ते त्याहून जड आहे. त्याचे चौदा मोठे शिलालेख आहेत, त्यातल्या तेराव्यात तो सांगतो की अभिषेकाला ८ वर्षं झाल्यावर, म्हणजे इ.स.पू. २६१ च्या सुमारास, कलिंग जिंकलं, दीड लाख माणसं तिथून धरून नेली, एक लाख मारली गेली, अन् त्याच्या कितीतरी पट मेली. हे आकडे हरलेल्या बाजूनं मांडलेले नाहीत, जिंकणाऱ्यानं स्वतःच्या नावानं कोरून घेतलेले आहेत. पुढं तो म्हणतो की तिथं ब्राह्मण होते, श्रमण होते, आईबापाचं ऐकणारे, मित्रांशी, नोकरचाकरांशी नीट वागणारे साधे संसारी लोक होते, त्यांच्यावर ही पाळी आली, अन् जे स्वतः वाचले त्यांचे जिवाभावाचे लोक गेले म्हणजे तेही काही सुटले नाहीत. आता याच्या शंभराव्या, हजाराव्या हिश्शाएवढंही कोणाच्या वाट्याला आलं तरी मला ते जड जाईल, असं वाक्य आहे. कोणत्या राजानं आपल्या विजयाचा शिलालेख असा लिहिला सांगा बरं.

आता "लगेच" चं पाहू. जबलपूर रोडनं वर गेलं की कटनी जिल्ह्यात रूपनाथ लागतं, तिथल्या छोट्या लेखात अशोक स्वतःच हिशोब देतो: मला उपासक, म्हणजे संसारात राहून बुद्धाला मानणारा, होऊन अडीच वर्षांहून जास्त झाली, पण पहिलं एक वर्ष मी काही फार जोर लावला नाही, मग संघाच्या जवळ गेलो त्याला वर्षावर झालं अन् तेव्हापासून मन लावून करतो आहे. म्हणजे बघा, सम्राट माणूस, खोटं बोलला असता तरी कोण विचारणार होतं, पण "पहिलं वर्ष मी ढिलाच होतो" हे त्यानं राज्यभर खडकांवर कोरून घेतलं! मला तर अख्ख्या अशोकात हे वाक्य सगळ्यात जास्त आवडतं.

मग नेटवाला कुठून बोलून राहिला? तर या रूपनाथच्या लेखात कलिंगाचं नाव नाही, अन् तेराव्या लेखात "त्यानंतर धम्माची ओढ तीव्र झाली" एवढंच आहे, उपासक कोणत्या दिवशी झाला ते नाही. त्यामुळं वर्षांची जुळवाजुळव करताना अभ्यासकांत मतभेद होतात. आठव्या लेखात सांगितलंय की अभिषेकाला १० वर्षं झाल्यावर तो संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला, अन् आधीचे राजे शिकारीच्या सहली करायचे त्याऐवजी यानं धम्मयात्रा सुरू केल्या. हे सगळं एकापुढं एक मांडलं की माझं मत असं होतं की हा बदल एका संध्याकाळचा नाही, तीन-चार वर्षं चाललेला आहे, अन् कलिंगानं त्याला जोराचा धक्का दिला. परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिहा, मार्क जातील उगाच.

अजून एक, हे सहसा कोणी सांगत नाही. खुद्द कलिंगात, म्हणजे ओडिशातल्या धौली अन् जौगडला, हा तेरावा लेख कोरलेलाच नाही. ज्यांची माणसं मेली त्यांच्याच दारात तो आकडा लावला नाही, त्याजागी दोन वेगळे लेख आहेत अन् त्यात "सगळी माणसं माझी लेकरं आहेत" हे प्रसिद्ध वाक्य येतं. याला शहाणपण म्हणा की लाज म्हणा, मला दोन्ही वाटते. तिथल्या अधिकाऱ्यांना त्यानं ताकीद दिली आहे की कोणाला विनाकारण कोंडू नका, छळू नका, अन् मत्सर, राग, निष्ठुरपणा, घाई, आळस यांच्यापासून लांब राहा. ही यादी कोणत्याही ऑफिसात टोकन घेऊन बसलेल्या माणसाला वाचून दाखवा, कसा मान डोलावतो पाहा. पण कलिंग काही त्यानं परत केलं नाही, हेही तितकंच खरं.

प्रश्न (महाल): अशोकानं गादीसाठी ९९ भाऊ मारले म्हणतात, अशा माणसाला आपण एवढं डोक्यावर काहून घेतो?

हे महावंसातलं आहे, दुसऱ्या ढिगातलं. त्यात तो ९९ भाऊ मारतो अन् तिस्सा नावाच्या एकट्या भावाला ठेवतो. अशोकावदानात तर त्याला चंडाशोक, म्हणजे क्रूर अशोक, म्हणतात अन् पाटलीपुत्रात नरकासारखा तुरुंग बांधून देतात. या गोष्टी लिहिणारे बौद्धच होते अन् त्यांना दाखवायचं होतं की धम्मात आल्यावर माणूस किती बदलतो, त्यामुळं आधीचा जितका काळा रंगवाल तितका नंतरचा उजळ दिसणार. उलट पाचव्या शिलालेखात, अभिषेकाला १३ वर्षं झाल्यावर, तो सांगतो की माझे धम्ममहामात्र, म्हणजे धम्माचं काम पाहणारे अधिकारी, माझ्या भावांच्या, बहिणींच्या घरीही काम करतात. भाऊच उरले नसते तर भावांची घरं कुठून आली? गादीसाठी काहीच झालं नसेल असं मी म्हणत नाही, त्याचा बाप बिंदुसार वारल्यावर अभिषेक व्हायला तीन-चार वर्षं गेली असं जुन्या ग्रंथांवरून मानतात, म्हणजे भानगड झाली असावी. पण ९९ हा हिशोब गोष्टीचा आहे.

प्रश्न (उमरेड): नमस्कार ताई. अशोक म्हटलं की पटना, सारनाथ, सांची. आपल्या विदर्भात त्याचं काही आहे का? की आपण नुसतंच अभिमान बाळगून राहिलो?

दादा, हा प्रश्न वाचून मला बरं वाटलं, कारण उत्तर आपल्याच शहरात ठेवलेलं आहे. अजब बंगला माहीत आहे ना, सिव्हिल लाइन्समधलं सेंट्रल म्युझियम? लहानपणी आपण सगळेच तिथं पेंढा भरलेला वाघ पाहायला गेलो. त्याच म्युझियममध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकहून आणलेली एक शिळा आहे. तिच्यावर अशोकाच्या काळच्या वळणाची ब्राह्मी आहे, अन् मजकूर साधारण असा की मालकाचा हुकूम आहे, प्राणी पकडू नका, मारू नका, केलं तर दंड होईल. हुकूम चिकंबरी नावाच्या गावासाठी आहे, देवटेकजवळचं आजचं चिकमारा ते हेच असं मानतात. वर्षाचा आकडा १४ आहे. नागपूरचे वासुदेव विष्णु मिराशी यांनी हा लेख नीट वाचला अन् त्यांचं म्हणणं असं होतं की अशोकानं १३ वर्षांनंतर धम्ममहामात्र नेमले, त्यातल्याच एखाद्यानं लगेच चौदाव्या वर्षी हा हुकूम काढला असणार. शिळेवर अशोकाचं नाव नाही, त्यामुळं हा तर्क आहे, पण मला तो पटतो. अन् गंमत म्हणजे त्याच शिळेवर सहाएकशे वर्षांनी वाकाटक राजा रुद्रसेनानं आपल्या धर्मस्थानाचा लेख कोरला. दगड तोच, आधीचा म्हणतो जीव मारू नका, नंतरचा म्हणतो हे माझं देवाचं ठिकाण, अन् आता दोघंही अजब बंगल्यात!

मग पवनी. वैनगंगेच्या काठचं भंडारा जिल्ह्यातलं पवनी, उमरेडवरून तर तुम्हाला जवळच. तिथं जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ अन् पुरातत्त्व खात्यानं मिळून खोदकाम केलं, शां. भा. देव अन् जगत्पती जोशी यांनी, तर टेकडीखालून मोठा विटांचा स्तूप निघाला. दान देणाऱ्या भिक्खू-भिक्खुणींची, साध्या बायामाणसांची नावं दगडांवर आहेत, अन् एका खांबावर मुचलिंद नाग कोरलेला आहे, बुद्धावर फणा धरणारा तोच. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात नागपूर निवडायचं कारण नाग लोक सांगितलं होतं हे तुम्हाला आठवत असेल, त्यांचं ते भाषण झालं तेव्हा हे खोदकाम व्हायचं होतं. पवनीत आजही गावाभोवतीचा मातीचा जुना तट अन् खंदक दिसतो, नक्की जाऊन या.

अन् खुद्द अशोकाच्या लेखांत आपला उल्लेख? तेराव्या लेखात भोज अन् पितिनिक, पाचव्यात राष्ट्रिक अन् पेतेनिक अशी नावं येतात, त्यातले भोज म्हणजे विदर्भाकडचे असं बरेच जण मानतात. महाराष्ट्रात त्याचे मोठे शिलालेख सापडले ते एकाच जागी, सोपाऱ्याला. आठव्याचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना मिळाला अन् नवव्याचा १९५६ मध्ये, म्हणजे दीक्षेच्याच वर्षी. आठवा म्हणजे वर सांगितला तोच, बोधगयेच्या यात्रेचा. महावंसात हेही आहे की पाटलीपुत्रातल्या तिसऱ्या संगीतीनंतर, म्हणजे भिक्खूंच्या मोठ्या सभेनंतर, मोग्गलिपुत्त तिस्स नावाच्या भिक्खूंनी जागोजागी थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, पाठवले, महारठ्ठाला महाधम्मरक्खित आले. हा परत दुसरा ढीग, पण आपलं नाव आहे त्यात.

प्रश्न (सक्करदरा): सम्राट अशोक पूर्ण व्हेज होता का? घरी यावरून वाद होऊन राहिला, सावजीचा बेत थांबला आहे.

बेत थांबवू नका बाप्पा, निदान अशोकाच्या नावावर तरी नको. पहिल्या शिलालेखात त्यानं आपल्या मुदपाकखान्याचा हिशोब दिला आहे: आधी रोज लाखांनी जीव रश्शासाठी मारले जायचे, आता हा लेख लिहिताना तीनच, दोन मोर अन् एक हरिण, हरिणही रोज नाही, अन् पुढं हे तीनही बंद होतील. म्हणजे लेख कोरताना राजवाड्यात मोराचं कालवण चालूच होतं. मला यात त्याचा खरेपणा दिसतो, दुसरा कोणी असता तर सरळ "बंद केलं" असं लिहून मोकळा झाला असता. यज्ञातले बळी अन् ज्यात असे प्रकार चालायचे ते मेळे-जलसे त्यानं बंद करायला सांगितले. पुढं अभिषेकाला २६ वर्षं झाल्यावर खांबावर एक लांब यादी आली, की पोपट, मैना, वटवाघूळ, राणीमुंगी, कासव, साळिंदर यांना मारू नका, गाभण किंवा पाजणाऱ्या शेळ्या-मेंढ्या मारू नका, त्यांची सहा महिन्यांच्या आतली पिल्लं मारू नका, भुशात जीव असतील तर तो पेटवू नका, ठरावीक दिवशी मासे मारायचे नाहीत की विकायचे नाहीत. राणीमुंगीपर्यंत पोचला माणूस! पण सगळ्या प्रजेनं मांस सोडावं असा सरसकट हुकूम कुठंच नाही. वादात दोघांनाही अर्धे-अर्धे मार्क द्या.

प्रश्न (धरमपेठ, चौथीतल्या मुलीची आई): शाळेच्या प्रोजेक्टसाठी, नोटेवर सिंह तीन दिसतात मग चार काहून म्हणतात?

चौघं पाठीला पाठ लावून बसलेत, मागचा दिसत नाही. सारनाथला १९०४-०५ च्या खोदकामात हा खांबाचा माथा सापडला, उंची सातेक फूट. खालच्या गोल पट्टीवर हत्ती, घोडा, बैल, सिंह अन् मधेमधे चक्रं आहेत, आपल्या राजमुद्रेत समोरून घोडा अन् बैल तेवढे दिसतात. २६ जानेवारी १९५० ला ही राजमुद्रा घेतली. झेंड्यावरचं २४ आऱ्यांचं चक्र त्याआधीच, २२ जुलै १९४७ ला, संविधान सभेनं मंजूर केलं, अन् झेंड्याच्या समितीत बाबासाहेबही होते. "सत्यमेव जयते" मात्र अशोकाचं नाही, ते मुंडक उपनिषदातलं, प्रोजेक्टमध्ये हे लिहिलं तर बाई खूश होतील.

प्रश्न (कामठी): ताई, अशोकानं दसऱ्यालाच धम्म घेतला म्हणून अशोक विजयादशमी म्हणतात. शेजारचे म्हणतात पुरावा दाखवा. काय सांगू?

त्यांना सरळ सांगा की शिलालेखात तिथी नाही, ही परंपरा आहे. त्यात कमीपणा काय आहे? किती सणांच्या तिथीला दगडावरचा पुरावा आहे, त्यांनाच विचारा. ज्याला पुरावा आहे ते असं: तेराव्या लेखात अशोक म्हणतो की धम्माचा विजय हाच सगळ्यात मोठा विजय, अन् पोरा-नातवंडांनी नवीन देश जिंकायचं मनात आणू नये. अन् १४ ऑक्टोबर १९५६, विजयादशमीचा दिवस, दीक्षाभूमीचं मैदान, महास्थविर चंद्रमणींकडून बाबासाहेबांनी घेतलेली दीक्षा, मग त्यांनी लाखो लोकांना दिलेली, २२ प्रतिज्ञा, अन् १६ तारखेला चंद्रपूरला परत तसाच दीक्षेचा सोहळा. हे पाहिलेले म्हातारे-म्हाताऱ्या आजही आपल्या घरात असतील, त्यांना विचारून मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, शेजाऱ्याशी भांडण्यापेक्षा ते काम जास्त अर्जंट आहे.

प्रश्न (मानेवाडा): एक मेसेज फिरून राहिला की अशोकाच्या अहिंसेमुळं देश दुबळा झाला, सैन्य मोडलं अन् परकीय आले. ग्रुपवर काय उत्तर देऊ?

हा मेसेज नवा नाही भाऊ, मोबाइल यायच्या कितीतरी आधी इतिहासकारांनीही हे मांडलं आहे, अन् दुसऱ्या इतिहासकारांनी खोडलंही आहे. सैन्य मोडल्याचं एकाही लेखात नाही. उलट ज्या तेराव्या लेखात तो पश्चात्ताप करतो त्यातच जंगलातल्या टोळ्यांना बजावतो की मला पश्चात्ताप झाला आहे पण ताकद अजून आहे, नीट वागा, नाहीतर मराल. फाशीही बंद केली नव्हती, शिक्षा ठरलेल्या कैद्याला तीन दिवसांची मुदत दिली, की नातेवाइकांनी धावपळ करावी किंवा त्यानं परलोकाची तयारी करावी. हे वाचताना मला स्वतःला अडखळायला होतं, पण दगडावर आहे म्हणजे आहे, आपल्या सोयीचं तेवढंच वाचायचं नसतं.

तो इ.स.पू. २३२ च्या सुमारास गेला, शेवटचा मौर्य बृहद्रथ त्याच्याच सेनापतीनं, पुष्यमित्र शुंगानं, इ.स.पू. १८५ च्या आसपास मारला. मधे जवळपास पन्नास वर्षं अन् कितीतरी राजे होऊन गेले. कंदहारपासून कर्नाटकापर्यंतचं राज्य पाटलीपुत्रातून सांभाळायचं, वारसांत ताळमेळ नाही, हे सोडून सगळा दोष आजोबाच्या अहिंसेवर टाकणं म्हणजे आळस आहे. "सगळा खजिना भिक्खूंना वाटला" हेही मेसेजमध्ये असतं, ते अशोकावदानातून येतं. म्हाताऱ्या अशोकाला मंत्री दान करू देत नाहीत, शेवटी हातात अर्धा आवळा उरतो अन् तोही तो कुक्कुटाराम नावाच्या विहारात पाठवतो, भिक्खू तो वाटून रश्शात घालतात म्हणजे सगळ्यांच्या वाट्याला येईल. गोष्ट म्हणून फारच सुंदर, पण तिचा बॅलन्सशीट म्हणून उपयोग करू नका. ग्रुपवर तेराव्या लेखाचं भाषांतर पूर्ण टाका, कापून नाही. भांडायचं असेल त्यांनी त्याच्याशी भांडावं.

प्रश्न (पाचपावली): अशोकाचा खरा चेहरा कसा होता? पोस्टरवर तर हिरोच दिसतो.

कर्नाटकात सन्नतीजवळ कनगनहळ्ळीला स्तूपाच्या शिल्पात राणीसोबत एक राजा आहे अन् खाली ब्राह्मीत "राया असोको" असं नाव आहे. तेही त्याच्यानंतर शतकं उलटल्यावर केलेलं, त्यामुळं फोटो समजू नका.

प्रश्न (हिंगणा): मॅडम, मला ब्राह्मी शिकायची आहे, वय ५२, जमेल का? अन् ही लिपी पहिल्यांदा वाचली कशी?

मराठी वाचता येतं म्हणजे निम्मं जमलंच. बाराखडीची पद्धत तीच आहे, अक्षरं फक्त साधी. क म्हणजे गणितातलं अधिकचं चिन्ह, ठ म्हणजे नुसता गोल, थ म्हणजे गोलात टिंब, न म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ, र म्हणजे नागमोडी उभी रेघ, ग म्हणजे घराचं छप्पर. रोज चार अक्षरं गिरवा, दिवाळीच्या आत स्वतःचं नाव लिहाल.

वाचली १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपनं, कलकत्त्याच्या टांकसाळीतला अधिकारी. सांचीच्या दगडी कठड्यांवर बारीक बारीक ओळी होत्या अन् बहुतेक ओळींच्या शेवटी तीच दोन अक्षरं यायची. त्यानं ओळखलं की हे लोकांनी दिलेलं दान असणार, म्हणजे शेवट "दानं". तिथून द मिळाला, न मिळाला, अन् पाठोपाठ बाकीची सुटत गेली. मग खांबांवरचा "देवानंपिय पियदसि", म्हणजे देवांचा लाडका पियदसि, वाचता आला, पण हा कोण ते कळेना, तर श्रीलंकेत जॉर्ज टर्नरनं दीपवंसातून सांगितलं की पियदसि म्हणजे अशोक. दगडावर त्याचं "असोक" हे नाव दिसायला १९१५ उजाडलं, रायचूर जिल्ह्यात मस्कीला, अन् तेही सोन्याच्या खाणीवाल्या इंजिनिअरला सापडलं.

सराव करायचा तर सांचीच बरी, नागपूरहून भोपाळपर्यंत भरपूर गाड्या आहेत. कठड्यावर आधी ओळीचा शेवट शोधा, ती दोन अक्षरं ओळखा, मग उलटं मागं येत नाव लावा.